महिन्याची पाने मोजा, मग रंगीत प्रिंटर घ्या

रत्नागिरीत आमचे सहा माणसांचे छोटे कार्यालय आहे. हिशेब लिहिणे, विवरणपत्रे भरणे, गृहनिर्माण संस्थांची देयके आणि सूचना तयार करणे आणि अधूनमधून एखादा करारनामा छापून देणे, असे आमच्या कामाचे स्वरूप आहे. रंगीत प्रिंटर घ्यायचे ठरले तेव्हा सहा जणांची सहा मते पडली. कोणाला लेझर हवा होता, कोणाला नातेवाइकाकडे आहे तोच हवा होता, आणि एकाचे म्हणणे असे की सर्वांत स्वस्त असेल तो आणावा, बिघडला तर दुसरा घेता येईल. महिन्याला आपण किती पाने छापतो, हा प्रश्न मात्र कोणाच्याही मनात आला नाही, आणि प्रिंटरची निवड तर त्याच एका आकड्यावर अवलंबून असते.

हा आकडा आठवणीवरून सांगू नये. आमचा अंदाज चारशे पानांचा होता आणि प्रत्यक्षात बाराशेच्या आसपास पाने निघाली. जुना प्रिंटर चालू असेल तर त्याच्या सेटिंगमधून किंवा देखभालीच्या मेनूतून स्टेटस पेज छापता येते आणि बहुतेक प्रिंटरांच्या त्या पानावर आजवर छापलेल्या एकूण पानांची संख्या असते. महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी ते पान काढून वजाबाकी केली की काम झाले. प्रिंटर नसेल तर झेरॉक्सच्या दुकानाच्या पावत्या मोजाव्यात. शेजारी एक वही ठेवून त्यात रंगीत पाने किती, लीगल आकाराची किती आणि पाठपोट किती, एवढ्या तीनच नोंदी कराव्यात. विवरणपत्रांचा जुलै आणि लेखापरीक्षणाचा सप्टेंबर हे महिने आमच्यासारख्या कार्यालयांत दुप्पट पानांचे असतात, शाळेत तीच गत निकालाच्या वेळी होते. त्यामुळे एक साधा महिना आणि एक गर्दीचा महिना अशा दोन्हींची नोंद हाताशी असलेली बरी.

रंगीत पान म्हणजे नेमके काय, हेही या वहीतून कळते. आमची बहुतेक रंगीत पाने ही दोन रंगांचे बोधचिन्ह असलेली लेटरहेड, एखादा आलेख, ई-आधारची प्रत आणि संस्थेच्या सभेची लाल मथळ्याची सूचना अशी निघाली. पानभर छायाचित्र क्वचितच असे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण शाईच्या खोक्यावर लिहिलेली पानांची संख्या ठरावीक चाचणी-पानांवरून काढलेली असते. शाईसाठी आयएसओ २४७११ आणि २४७१२, तर लेझर प्रिंटरमध्ये शाईऐवजी असणाऱ्या रंगीत टोनरसाठी आयएसओ १९७९८ ही मानके त्यासाठी वापरली जातात. मजकूर आणि थोडे रंग असलेल्या पानांच्या मालिकेवर हा आकडा आधारलेला असतो, त्यामुळे पूर्ण पानभर छायाचित्र छापणाऱ्याने तो विसरलेला बरा. शिवाय प्रत्यक्ष कार्यालयात प्रिंटर वारंवार चालू-बंद होतो, कागदावर शाई सोडणाऱ्या हेडची सफाई होते आणि त्यातही शाई जाते. म्हणून मी खोक्यावरचा आकडा हिशेबात निम्माच धरतो आणि आजवर त्याने दगा दिलेला नाही.

महिन्याला वीस-पंचवीसच रंगीत पाने निघत असतील, तर रंगीत प्रिंटर घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. अशा कार्यालयाने साधा काळा-पांढरा लेझर प्रिंटर घ्यावा आणि रंगीत पाने पेन ड्राइव्हवर घालून कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणावीत. तेथे एका रंगीत पानाला दहा रुपये पडले तरी महिन्याचा खर्च अडीचशे रुपयांच्या आतच राहतो, आणि शाई वाळण्याची चिंता दुकानदाराकडे राहते.

कार्ट्रिज, टाकी की टोनर

दुकानात तीन प्रकारचे रंगीत प्रिंटर दिसतात. पहिला छोट्या कार्ट्रिजचा, म्हणजे शाई भरलेल्या डबीचा इंकजेट, जो चार-पाच हजारांत मिळतो आणि म्हणूनच फसवतो. आम्ही सुरुवातीला तोच घेतला होता. खोक्यात आलेल्या कार्ट्रिज पंधरा दिवसांत संपल्या. नवी काळी कार्ट्रिज आणायला गेलो तेव्हा तिच्यावर सुमारे १२० पाने असे लिहिलेले होते. समजा अशी कार्ट्रिज ९०० रुपयांना पडली, तर एका काळ्या पानाला साडेसात रुपये पडतात. महिन्याला तीनशे पाने छापणाऱ्याचे त्यावर सव्वादोन हजार रुपये जातात, म्हणजे दोन महिन्यांत प्रिंटरच्या किमतीएवढी शाई संपते. त्यातच तीन रंग एकाच कार्ट्रिजमध्ये असल्याने निळा संपला की उरलेला पिवळा आणि किरमिजीही फेकून द्यावा लागे. पुढे आम्ही रिफिल करून पाहिले, दोन वेळा ते जमले आणि तिसऱ्या वेळी टेबलावर आणि एका करारनाम्यावर शाई सांडली. घरी मुलांच्या प्रकल्पासाठी महिन्याला दहा पाने काढायची असतील तर हा प्रिंटर चालेल, कार्यालयासाठी तो विचारातच घेऊ नये.

दुसरा प्रकार इंक टँकचा, म्हणजे बाटलीतून शाई ओतण्याच्या टाकीचा. याची कथा मजेशीर आहे. पूर्वी आपल्याकडची दुरुस्तीची दुकाने साध्या प्रिंटरला बाहेरून प्लास्टिकच्या बाटल्या आणि नळ्या जोडून देत असत. आशियातल्या अनेक देशांत हे सर्रास चालत असे आणि कंपन्यांच्या कार्ट्रिज विकल्या जात नसत. शेवटी एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात स्वतःच टाकी जोडलेला प्रिंटर बाजारात आणला. आज एप्सन, कॅनन, एचपी आणि ब्रदर या चारही कंपन्यांचे टाकीचे प्रिंटर भारतात मिळतात. छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स अशी तिन्ही कामे करणारे साधे मॉडेल साधारण बारा ते सोळा हजारांत येते, पाठपोट छपाई आणि कागद आपोआप ओढणारा स्कॅनर हवा असेल तर आणखी काही हजार मोजावे लागतात.

याचा पानामागचा खर्च मांडून पाहावा. समजा काळ्या शाईची बाटली ५०० रुपयांना पडली आणि तिच्यावर ४,५०० पाने लिहिलेली आहेत, तर पानाला ११ पैसे होतात. तिन्ही रंगांच्या बाटल्या मिळून १,५०० रुपये आणि त्यांवर एकत्रित ७,५०० पाने, म्हणजे आणखी २० पैसे. एक रंगीत पान ३१ पैशांत निघाले. मी सांगितल्याप्रमाणे खोक्यावरचा आकडा निम्मा धरला तरी ते ६२ पैसे होतात. आता कागद पाहू. पाचशे कागदांची रीम २८० रुपयांना घेतली तर एका कागदाला ५६ पैसे पडतात. याचा अर्थ टाकीच्या प्रिंटरमध्ये शाई आणि कागद जवळपास सारख्याच भावात पडतात. त्यामुळे पाठपोट छपाईने होणारी कागदाची बचत ही शाई वाचवण्याच्या सगळ्या युक्त्यांपेक्षा मोठी ठरते.

तिसरा प्रकार कलर लेझरचा. याच्यात ओली शाई नसते, टोनर नावाची प्लास्टिकयुक्त बारीक भुकटी असते आणि फ्यूजर नावाचा सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापणारा भाग ती कागदावर वितळवून चिकटवतो. म्हणून लेझरची प्रत पाण्याने पसरत नाही आणि महिनाभर प्रिंटर बंद राहिला तरी काही वाळत नाही. हे दोन मोठे गुण आहेत. हिशेब मात्र जड जातो. कमी किमतीच्या कलर लेझरचे टोनर लहान असतात, काळा सुमारे १,००० पानांचा आणि प्रत्येक रंगाचा ७०० पानांचा. समजा एकेक टोनर ४,००० रुपयांचा आहे, तर काळ्याचे ४ आणि तीन रंगांचे मिळून १७ असे एका रंगीत पानाला २१ रुपये पडतात. कोपऱ्यावरचे दुकान दहा रुपयांत ते पान देते. शिवाय स्वस्त कलर लेझर चारही रंग कागदावर एकामागून एक घेतात, त्यामुळे काळी पाने मिनिटाला अठरा निघत असली तरी रंगीत पाने जेमतेम चार निघतात. मोठ्या टोनरचे, महागडे यंत्र घेतले तर पानामागचा खर्च उतरतो, पण मग आपण लहान कार्यालयाच्या ऐपतीबाहेर जातो.

कलर लेझर घेणाऱ्याने विजेचाही विचार करावा. इंकजेट छापताना दहा-वीस वॅट घेतो, लेझर काही शे वॅट घेतो आणि फ्यूजर तापताना एकदम मोठा झटका ओढतो. संगणकासाठी घेतलेल्या छोट्या यूपीएसवर लेझर प्रिंटर कधीही लावू नये, तो थेट भिंतीतल्या चांगल्या अर्थिंगच्या सॉकेटवरच असावा. वीज गेली की तो बंदच राहणार, हे गृहीत धरावे. आमच्याकडे पावसाळ्यात वीज ज्या प्रकारे ये-जा करते, ते पाहता टाकीचा प्रिंटर छोट्या यूपीएसवरही चालतो, ही मला त्याची मोठीच सोय वाटते.

आम्ही शेवटी जे केले ते अनेक छोट्या कार्यालयांना मानवेल. जुना काळा-पांढरा लेझर प्रिंटर ठेवला आणि रंगीत कामासाठी टाकीचा घेतला. करारनामे, प्रतिज्ञापत्रे आणि कायम नस्तीत राहणारे कागद लेझरवर निघतात, बाकी सगळे टाकीवर. एकच यंत्र ठेवायचे असेल आणि महिन्याला शंभराहून अधिक रंगीत पाने निघत असतील, तर टाकीचाच घ्यावा.

टाकीचा प्रिंटर घेताना

जाहिरातीत वेग आणि वाय-फाय ठळक छापलेले असते, पण विचारायच्या गोष्टी निराळ्याच आहेत. पहिला प्रश्न इंक पॅडचा. हेडची सफाई होताना जी शाई बाहेर पडते ती प्रिंटरच्या तळाशी असलेल्या स्पंजसारख्या पॅडमध्ये साठते. प्रिंटर तिचा हिशेब ठेवतो आणि पॅड भरला असे त्याला वाटले की छपाई थांबवतो. टाक्या भरलेल्या, हेड ठणठणीत, आणि तरीही पडद्यावर सूचना येऊन यंत्र अडून बसते. अनेक मॉडेलांत हा पॅड सेवा केंद्रातच बदलावा लागतो. काही मॉडेलांत मात्र त्याऐवजी बाहेरून काढता येणारा मेंटेनन्स बॉक्स किंवा मेंटेनन्स कार्ट्रिज असते, जे आपण स्वतः पाच मिनिटांत बदलू शकतो. तालुक्याच्या ठिकाणी कार्यालय असेल आणि सेवा केंद्र शंभर किलोमीटरवर असेल, तर या एका सोयीसाठी हजार-दोन हजार जास्त मोजायला हरकत नाही.

दुसरा प्रश्न हेडचा. एप्सन आणि ब्रदर यांच्या हेडमध्ये स्फटिकाच्या सूक्ष्म हालचालीने शाई ढकलली जाते, एचपी आणि कॅनन यांच्या हेडमध्ये ती क्षणभर तापवून फेकली जाते. छापील पानात सामान्य माणसाला हा फरक दिसणार नाही. पण तापवणाऱ्या प्रकारात हेड अनेकदा सुटे असते आणि खराब झाले तर विकत आणून बसवता येते, पहिल्या प्रकारात ते यंत्राचा कायमचा भाग असते, टिकते जास्त, पण बिघडले तर दुरुस्तीचा खर्च नव्या प्रिंटरच्या जवळ जातो. कोणता प्रकार चांगला, यावर दुकानदारांचे वाद ऐकण्यात वेळ घालवू नये. आपल्या गावात कोणत्या कंपनीचे हेड दुरुस्त करणारा माणूस आहे, एवढे पाहावे.

तिसरा प्रश्न शाईच्या जातीचा, आणि कोकणात तर हा पहिलाच म्हणायला हवा. डाय शाई पाण्यात विरघळलेल्या रंगाची असते, छायाचित्रात ती खुलून दिसते, पण ओल्या हाताने पान धरले की अक्षरे पसरतात. पिगमेंट शाईत रंगाचे न विरघळणारे कण असतात आणि ती कागदावर घट्ट बसते. काही टाकीच्या प्रिंटरांत काळी शाई पिगमेंट आणि रंग डाय असतात, काहींत चारही डाय असतात. दुकानात एक पान छापून घ्यावे, पाच मिनिटे थांबावे आणि ओले बोट एका ओळीवरून फिरवावे. आमच्याकडे जुलैत छत्रीतून निथळत आलेला माणूस टेबलावर हात ठेवतो तोच त्याच्या विवरणपत्राच्या प्रतीवर, म्हणून आम्ही काळी पिगमेंट असलेलेच मॉडेल घेतले.

वॉरंटीही नीट वाचावी. टाकीच्या प्रिंटरवर बहुधा एक वर्ष किंवा ठरावीक संख्येची पाने, यांपैकी जे आधी होईल ते, अशी अट असते. महिन्याला पाच हजार पाने छापणाऱ्याची तीस हजार पानांची वॉरंटी सहा महिन्यांतच संपते. काही कंपन्या खरेदीनंतर नोंदणी केली तर मुदत वाढवून देतात. दुरुस्तीसाठी माणूस कार्यालयात येणार की यंत्र आपण उचलून न्यायचे, हे त्याच वेळी विचारावे, कारण शाईने भरलेला टाकीचा प्रिंटर आडवातिडवा करून रिक्षातून नेणे म्हणजे मागच्या आसनाची रंगपंचमीच.

कागदाचे आकार

आपल्याकडच्या कार्यालयांचे अर्धे दुखणे लीगल आकारात आहे. ए फोर कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा, लीगल साधारण २१६ गुणिले ३५६ मिलिमीटरचा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ए फोर कागद आणि पाठपोट छपाई स्वीकारली, तरी दस्त आणि जुन्या नस्त्या यांमुळे लीगल कागद टेबलावरून हललेला नाही. बहुतेक साधे प्रिंटर लीगल कागदावर छापतात, पण त्यांची स्कॅनरची काच ए फोरपुरतीच असते. लीगल दस्त एका तुकड्यात स्कॅन करायचा असेल तर वरून कागद ओढणारा एडीएफ असलेले मॉडेल घ्यावे लागते. त्यात जुना, विरलेला सातबारा किंवा टाचण्या काढलेला जीर्ण कागद मात्र कधीही घालू नये, तो काचेवरच ठेवावा.

स्टॅम्प पेपरवर छापायचे असेल तर कागद मागून सरळ जाणारा ट्रे असलेले यंत्र बरे. समोरच्या ट्रेमधून कागद आत जाऊन वळसा घेऊन बाहेर येतो आणि जाड किंवा घडी पडलेला कागद त्या वळणावर अडकतो. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अनेक दस्तांसाठी १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, तेव्हा अशा एका अडकलेल्या कागदाची किंमत दोन रीमहून थोडीशीच कमी. आधी त्याच आकाराच्या कोऱ्या कागदावर एक प्रत काढून, ती स्टॅम्प पेपरवर ठेवून उजेडात धरून पाहावी आणि मगच खरा कागद लावावा.

येथे एक गंमत सांगतो. करारनाम्यासाठी लागणाऱ्या हिरव्या कागदाला आपल्याकडे लेजर पेपर म्हणतात, म्हणजे खतावणीच्या वहीचा कागद. एक गृहस्थ तो कागद घेऊन आले आणि हा फक्त लेझर प्रिंटरवरच चालतो ना, असे विचारू लागले. नावांचा घोटाळा आहे इतकेच, हा कागद कोणत्याही प्रिंटरवर चालतो. मात्र त्यावर डाय शाई वापरू नये, हे मी त्यांना सांगितले आणि येथेही सांगतो.

दुकानात जाताना

विक्रेत्याच्या हातचे रंगीत फुलपाखराचे पान पाहून निर्णय करू नये. आपलीच चार पाने पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर न्यावीत: लेटरहेड, बारीक रेघांचा तक्ता, ई-आधारची प्रत आणि नऊ पॉइंटच्या मराठी मजकुराचे एक पान. पीडीएफच न्यावी, नाहीतर दुकानातल्या संगणकात आपला फॉन्ट नसतो आणि पानावर चौकोन उमटतात. मराठीचे पान सर्वांत बोलके असते. ‘राष्ट्र’मधला ष्ट्र, ‘सिद्ध’मधला द्ध, ‘लक्ष्मी’मधला क्ष्म ही जोडाक्षरे भिंगाशिवाय सुटी दिसली पाहिजेत. शाई कागदात पसरत असेल तर द्धच्या पोटातली पांढरी जागा बुजते आणि अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो. ही चाचणी आपण वापरतो त्याच ७० किंवा ७५ जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाच्या) कागदावर करावी, दुकानातल्या गुळगुळीत कागदावर सगळेच प्रिंटर छान छापतात. तक्त्यातली उभी रेघ वरपासून खालपर्यंत सलग आहे की पायऱ्यापायऱ्यांची, हेही पाहून घ्यावे.

जोडणीबाबत फार खोलात जाण्याचे कारण नाही. वाय-फाय हवेच, कारण आज निम्मे अशील कागद व्हॉट्सअॅपवर पाठवतात आणि ते फोनवरून थेट छापता आले पाहिजेत. अनेक स्वस्त प्रिंटर २.४ गिगाहर्ट्‌झचेच वाय-फाय पकडतात, राउटरवर ते चालू असल्याची खात्री करावी. चारपेक्षा जास्त संगणक असतील तर लॅन केबलचे सॉकेट असलेले मॉडेल घ्यावे, म्हणजे रोज सकाळी प्रिंटर सापडत नाही ही तक्रार राहत नाही. केवळ यूएसबीने एका संगणकाला जोडलेला प्रिंटर हा त्या संगणकाचा मालक रजेवर गेला की तोही रजेवर जातो.

त्याच बाजारपेठेतल्या दोन-तीन दुकानांत जाऊन निवडलेल्या मॉडेलची शाई फळीवर आहे का, ते विचारावे. मागवून देतो असे उत्तर आले तर ते मॉडेल बाजूला ठेवावे. मूळ कंपनीची शाई घ्यावी की दुसरी, हा प्रश्न टाकीच्या बाबतीत माझ्या मते सुटलेला आहे: पानाला काही पैसे वाचवण्यासाठी वॉरंटी आणि हेड दोन्ही पणाला लावण्यात अर्थ नाही. काळ्या-पांढऱ्या लेझरचा टोनर आम्ही मात्र बिनधास्त भरून घेतो, त्यात दरवेळी बराच पैसा वाचतो. बिलावर आपला जीएसटी क्रमांक आणि यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. नोंदणीकृत व्यवसायाला प्रिंटरवर भरलेल्या १८ टक्के कराचे क्रेडिट नियमानुसार मिळू शकते, आणि वॉरंटीच्या वेळी अनुक्रमांक नसलेले बिल कोणी पाहतही नाही.

आणल्यानंतर

प्रिंटर सपाट आणि न हलणाऱ्या टेबलावर ठेवावा आणि टाक्या भरल्यावर तो तिरका करू नये. पहिली शाई भरल्यावर यंत्र नळ्यांमध्ये शाई ओढून घेते. मॉडेलनुसार त्याला दहा-वीस मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात वीज जाणार नाही अशी वेळ साधावी. टाकीतली पातळी एकदम खाली गेलेली दिसली तर घाबरू नये, ती शाई नळ्यांत आहे. पहिल्या बाटल्यांवर पाने कमी निघतात ती याचमुळे. पुढे कोणतीही टाकी खालच्या रेषेच्या खाली जाऊ देऊ नये, नळीत हवा शिरली की ती काढण्यात बरीच शाई वाया जाते.

प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करावा, भिंतीवरच्या बोर्डाने नव्हे. हे आम्ही गणपतीत शिकलो. सुटीच्या आदल्या संध्याकाळी कागद अडकला होता, घाईत कोणीतरी बोर्डाचे बटण बंद केले आणि सगळे गावी गेले. बटणाने बंद केल्यावर हेड कडेला जाऊन रबराच्या टोपीवर बसते आणि त्याची छिद्रे झाकली जातात. येथे ते मधेच, उघडे राहिले. दहा दिवसांनी नॉझल चेकचे, म्हणजे हेडची छिद्रे मोकळी आहेत का हे दाखवणारे पान काढले तेव्हा काळ्याची जाळी जेमतेम होती, किरमिजीच्या रेघा जिन्यासारख्या तुटलेल्या होत्या आणि पिवळ्याच्या जागी कोरा कागद होता. एकदा सफाई केली, निम्मा पिवळा आला. दुसऱ्यांदा केली, फारसा फरक नाही. तेव्हा आमच्यातल्या एकाने सफाईचे बटण सारखे दाबण्याऐवजी प्रिंटर रात्रभर तसाच झाकून ठेवू या असे सुचवले आणि ते बरोबर निघाले. सकाळी तिसऱ्या सफाईला चारही जाळ्या पूर्ण उमटल्या. टाक्यांतली पातळी तोवर डोळ्यांना दिसेल इतकी उतरली होती आणि ती सगळी शाई गेली इंक पॅडमध्ये. आता बोर्डाच्या त्या बटणावर चिकटपट्टी आहे आणि दर सोमवारी सकाळी चार रंगांचे एक पान छापले जाते.

पावसाळ्यात कागदच जास्त त्रास देतो. उघडी रीम दमट हवेत फुगते, कागदाच्या कडा वर वळतात आणि एकाच वेळी दोन-तीन कागद आत जातात. रीम तिच्या वेष्टनातच, आणि वेष्टन प्लास्टिकच्या डब्यात ठेवावे, ट्रेमध्ये दिवसभराला लागतील तेवढेच कागद घालावेत आणि घालण्यापूर्वी गठ्ठा हाताने फुलवून घ्यावा. अडकलेला कागद तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढावा. मागचा ट्रे रात्री मिटून ठेवावा, आमच्या एका कागदाच्या अडकण्याचे कारण आत शिरलेली पाल हे होते आणि तिला बाहेर काढण्याची कृती कोणत्याही पुस्तिकेत दिलेली नाही.

सर्व संगणकांवर पाठपोट आणि काळी-पांढरी छपाई हीच मूळ निवड करून ठेवावी, रंग हवा असेल त्याने तो मागून घ्यावा. आमच्या प्रिंटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर खरेदीची तारीख, बिलाचा क्रमांक आणि प्रत्येक बाटली ओतली तेव्हाचा पानांचा आकडा लिहिलेला आहे. काळीची तिसरी बाटली ओतली तेव्हा मोजणी आठ हजार सातशेवर होती, म्हणजे खोक्यावर लिहिलेल्याच्या निम्म्याहून बरीच जास्त.